फुलपाखरांची जवळून घेतलेली छायाचित्रे : अभिप्राय, संपादन आणि मर्यादा

पावसाचा जोर ओसरला की बेळगाव परिसरात फुलपाखरांचा हंगाम भरात येतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात घाणेरी, खुळखुळा आणि बागेतल्या इक्झोरावर त्यांची वर्दळ असते. मंडळाचे अनेक सभासद, त्यांची मुले आणि नातवंडे कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन व्हॅक्सिन डेपोचा परिसर, जांबोटी, खानापूर आणि चोर्ला घाटापर्यंत फिरतात. आमच्या छायाचित्र गटात दरमहा प्रत्येकाने तीन छायाचित्रे आणावीत आणि सर्वांनी मिळून ती पाहावीत, असा परिपाठ आहे. या चर्चांतून जे उपयोगी ठरले, ते नव्या सभासदांसाठी येथे एकत्र देत आहोत.

आपल्या भागाचे एक वैशिष्ट्य आधी नोंदवू. आपण तीन राज्यांच्या सीमेवर राहतो. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले. कर्नाटकाचे राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग आणि गोव्याचे मलबार ट्री निम्फ. ही तिन्ही सह्याद्रीची फुलपाखरे आहेत आणि छायाचित्रकारासमोर तिन्ही वेगवेगळी अडचण उभी करतात. बर्डविंग आणि ब्लू मॉरमॉन मध पितानाही पंख हलवत राहतात, त्यामुळे शटर स्पीड १/१००० सेकंदाच्या आसपास लागतो. ट्री निम्फ पांढरट असते आणि गर्द झाडीत तरंगत असते. कॅमेरा काळोख्या पार्श्वभूमीकडे पाहून उजेड वाढवतो आणि पंख पांढरेफटक पडतात. अशा वेळी एक्स्पोजर अर्ध्या ते एक स्टॉपने कमी ठेवावे लागते.

फोकसचा पट्टा किती अरुंद असतो

गटात सर्वांत जास्त वेळा येणारा अभिप्राय म्हणजे ‘डोळा स्पष्ट आहे, पण पंखाचे टोक पुसट झाले आहे.’ त्यामागचा हिशेब समजून घेतला तर निम्मे काम होते.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर एफ ८ अॅपर्चर ठेवून वस्तू सेन्सरवर मूळ आकारात उमटवली, म्हणजे एकास एक प्रमाण घेतले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण १ मिलिमीटर जाडीचा असतो. निम्म्या आकारात उमटवली तर तो सुमारे ३ मिलिमीटर होतो आणि पाव आकारात सुमारे साडेनऊ मिलिमीटर. अॅपर्चर एफ ११ केले तर पट्टा आणखी थोडा वाढतो. एफ १६ च्या पुढे गेल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळेच चित्र किंचित मऊ होते आणि मिळवलेले पुन्हा हातचे जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, फार जवळ जाण्याचा हट्ट धरू नये. थोडे मागे राहून घेतलेले आणि नंतर क्रॉप केलेले छायाचित्र बहुतेक वेळा अधिक स्पष्ट येते, फुलपाखरूही उडत नाही. दुसरी, पंख मिटलेले असतील तर कॅमेरा पंखांना समांतर धरावा. पंख उघडे असतील तर वरून, पंखांच्या पातळीला समांतर. असे केले की तोच अरुंद पट्टा पूर्ण पंखाला पुरतो. ही चूक संपादनात दुरुस्त होत नाही. मऊ आलेला पंख कितीही शार्प केला तरी त्यात नसलेले खवले येत नाहीत.

साधनांबद्दल थोडक्यात. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स उत्तम, पण ती नसेल तर ७०-३०० सारख्या झूम लेन्सने किंवा झूमच्या पुढे क्लोज-अप भिंग लावूनही चांगले काम होते. मोबाइलवर मुख्य कॅमेऱ्याने एक-दोन हात अंतरावरून काढून क्रॉप करणे हे मॅक्रो मोडने अगदी नाकाला नाक लावण्यापेक्षा सोयीचे पडते. सकाळी उन्हात पंख शेकत बसलेली फुलपाखरे जास्त वेळ स्थिर असतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये.

अभिप्राय कसा मागावा आणि कसा द्यावा

बँकेत नोंद करणारा एक आणि ती तपासून मंजूर करणारा दुसरा, ही पद्धत आमच्या पिढीतील बँक कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. नोंद करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका असते म्हणून हे केले जात नाही. स्वतःच लिहिलेल्या आकड्यात डोळ्याला जे अपेक्षित असते तेच दिसते, म्हणून केले जाते. छायाचित्राचेही तसेच आहे. ज्याने चिखलात गुडघे टेकून वीस मिनिटे वाट पाहिली, त्याला त्या चित्रात ती वीस मिनिटे दिसतात. पाहणाऱ्याला फक्त चित्र दिसते.

अभिप्राय मागताना ‘कसे वाटते?’ एवढेच विचारले तर ‘छान’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी नेमके विचारावे : नजर आधी कुठे जाते? पार्श्वभूमी त्रास देते का? रंग खरे वाटतात का? कॅमेऱ्याची सेटिंग आणि जागेचा प्रकार सोबत सांगावा. शक्यतो संपादन न केलेली मूळ प्रतही दाखवावी, म्हणजे दोष काढतानाचा की नंतरचा ते कळते.

अभिप्राय देणाऱ्याने आधी जे जमले आहे ते सांगावे, मग एकच मोठी सुधारणा सांगावी, आणि ती पुढच्या वेळी करता येईल की आत्ता संगणकावर करता येईल, हे स्पष्ट करावे. ‘पंखाचे टोक कापले गेले’ ही पुढच्या वेळची गोष्ट. ‘मागची पिवळी काडी डोळ्यात भरते’ ही आत्ताची. एकाच चित्राला दहा दोष सांगितले तर सांगणाऱ्याचे ज्ञान दिसते, पण ऐकणारा पुढच्या महिन्यात येत नाही. गटात शाळेतली मुले असतात, तेव्हा हे विशेष सांभाळावे लागते.

संपादनाचा क्रम

लाइटरूम वापरणारे सभासद आहेत. पण विनामूल्य मिळणारे डार्कटेबल, रॉथेरपी आणि जिम्प, तसेच मोबाइलवरील स्नॅपसीड आपल्या गरजेला पुरेसे आहे. साधन कोणतेही असो, क्रम साधारण असा ठेवावा.

१) निवड : एकाच फुलपाखराची पंधरा-वीस चित्रे असतात. पूर्ण आकारात पाहून, डोळा स्पष्ट असलेलीच ठेवावीत.

२) क्रॉप : फुलपाखरू ज्या दिशेला पाहते तिकडे जागा जास्त सोडावी. मिशा आणि पंखांची टोके कापू नयेत. किती क्रॉप करावे याचा हिशेब सोपा आहे. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचे असते. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर ३००० गुणिले २००० उरतात, म्हणजे ६ मेगापिक्सेल. इंचाला ३०० ठिपके धरून त्याची छपाई १० इंच रुंद होते. दोन्ही बाजू पाव केल्या तर ५ इंचांवरच थांबावे लागते.

३) व्हाइट बॅलन्स : झाडीत काढलेल्या चित्रावर हिरवट छटा येते, सावलीतल्या चित्रावर निळसर. ती काढली की बाकी बरेच रंग आपोआप जागेवर येतात. म्हणून रंग ‘भडक’ करण्याआधी हे करावे.

४) उजेड : हायलाइट कमी करून पांढरे आणि पिवळे भाग तपासावेत. ग्रास यलोसारख्या पिवळ्या फुलपाखरात एकूण हिस्टोग्राम ठीक दिसतो, पण लाल आणि हिरव्या रंगाचे आलेख उजव्या कडेला चिकटलेले असतात, आणि पंखावरचे बारीक ठिपके नाहीसे होतात. या फुलपाखरांच्या जाती पंखांच्या खालच्या बाजूच्या ठिपक्यांवरूनच वेगळ्या कराव्या लागतात. रॉ फाइल असेल तर हे तपशील थोडेफार परत मिळतात, जेपेगमध्ये क्वचितच.

५) पार्श्वभूमी : चकाकणारे पान किंवा भिंतीचा उजळ तुकडा तेवढ्याच भागापुरता मंद करावा. सबंध चित्राच्या कडा काळ्या करण्याची सवय टाळावी.

६) नॉइज : शक्यतो पार्श्वभूमीपुरताच कमी करावा. पंखावर जास्त चालवला तर खवले जाऊन पंख प्लॅस्टिकसारखा दिसतो.

७) शार्पनिंग : अगदी शेवटी, चित्र ज्या आकारात दाखवायचे त्या आकारात आणल्यावर. मिशांच्या भोवती पांढरी रेघ दिसू लागली की जास्त झाले असे समजावे.

एक उदाहरण

आमच्या एका भगिनी सभासदांनी गावाबाहेरच्या माळावर रुईच्या झाडावरचे प्लेन टायगर टिपले. सकाळी दहाचे ऊन, पंख मिटलेले, कॅमेरा पंखांना समांतर. मूळ चित्रात फुलपाखरू मधोमध आणि लहान होते, मागे घराच्या भिंतीचा उजळ पट्टा होता आणि पुढच्या पंखाच्या टोकाजवळची पांढरी पट्टी जळाल्यासारखी दिसत होती.

पहिल्या बैठकीत त्यांना एकच गोष्ट सांगितली गेली : नजर आधी भिंतीकडे जाते. पुढच्या वेळी त्यांनी भिंत काळी केली, नारिंगी रंग वाढवला आणि शार्पनिंगही केले. आता नजर फुलपाखरावर गेली, पण रंग संत्र्यासारखा झाला होता आणि पायांभोवती पांढरी रेघ आली होती. दुसऱ्या बैठकीत रंग मूळ जागी न्यायला सांगितले. भिंत काळी करण्याऐवजी डावीकडून क्रॉप करून अर्धी वगळली आणि उरलेली थोडी मंद केली. हायलाइट उतरवल्यावर पांढऱ्या पट्टीतल्या काळ्या शिरा परत दिसू लागल्या. तिसरी प्रत आज मंडळाच्या वाचनालयात लावलेली आहे. तिच्यात केलेले बदल मोजले तर दुसऱ्या प्रतीपेक्षा कमी आहेत.

कुठे थांबायचे

संपादनात सर्वांत अवघड प्रश्न कारागिरीचा नसतो. काय बदलायचे आणि काय नाही, हा असतो. फुलपाखराचे छायाचित्र हे एका अर्थी दस्तऐवज असते. आज अनेक सभासद आपली छायाचित्रे आयनॅचरॅलिस्ट किंवा ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ यांसारख्या ठिकाणी नोंद म्हणून देतात. तेथे चित्रावरूनच जात ठरते. म्हणून पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन-चार काळे ठिपके असतात. त्याच्यासारखीच दिसणारी डॅनाइड एगफ्लायची मादी असते. तिच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी हे ठिपके नसतात, वरच्या कडेजवळ एकच काळा डाग असतो. प्लेन टायगर रुईवर वाढल्यामुळे पक्ष्यांना बेचव लागतो आणि एगफ्लायची मादी त्याचे सोंग घेऊन जीव वाचवते. ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात ते ठिपके पुसले, किंवा क्रॉपमध्ये मागचा पंख कापला, तर हे फुलपाखरू कोणते हेच सांगता येत नाही.

दुसरी जोडी कॉमन रोज आणि कॉमन मॉरमॉनची. मॉरमॉनच्या अळ्या आपल्या परसातल्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढतात. मॉरमॉनच्या माद्यांचा एक प्रकार हुबेहूब कॉमन रोजसारखा दिसतो. फरक शरीरात : रोजचे अंग लाल असते, मॉरमॉनचे काळे. सावल्या फार गडद केल्या तर रोजचे लाल अंगही काळे दिसते, आणि लाल रंग सरसकट वाढवला तर पंखांवरच्या लाल ठिपक्यांची झाक काळ्या अंगावर पसरते. म्हणजे एका स्लायडरने जात बदलते.

फाटक्या पंखांचा प्रश्न आमच्या गटात दोन बैठका चालला. एका सभासदांनी वार्षिक प्रदर्शनासाठी लेमन पॅन्सीचे सुरेख छायाचित्र दिले होते. मूळ प्रत पाहिल्यावर कळले की दोन्ही मागच्या पंखांना एकाच जागी, एकाच आकाराची खाच होती आणि ती संगणकावर भरून काढली होती. त्यांचे म्हणणे असे की प्रदर्शनात लोक सौंदर्य पाहायला येतात, आणि लग्नाच्या फोटोतही छायाचित्रकार चेहऱ्यावरचा डाग काढतोच. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की ती खाच हा डाग नव्हे. फुलपाखरू पंख मिटून बसलेले असताना पक्ष्याने चोच मारली तर दोन्ही पंख एकत्र फाटतात आणि उघडल्यावर खाचा सारख्या दिसतात. पॅन्सीच्या पंखांच्या कडेजवळचे डोळ्यांसारखे ठिपके पक्ष्याची चोच शरीरापासून दूर, कडेकडे ओढतात. म्हणजे त्या फुलपाखराचा जीव कसा वाचला, याचा पुरावा त्या खाचेत होता.

शेवटी त्याच सभासदांनी मूळ प्रत लावण्याचे कबूल केले आणि खाली दोन ओळींची माहिती लिहिली. प्रदर्शनात मुलांनी सर्वाधिक प्रश्न त्याच चित्रापुढे विचारले. तरीही भिंतीवर लावण्यापुरते चित्र सुधारायला हरकत नाही, असे काही सभासदांचे मत आजही आहे आणि ते आम्ही खोडून काढलेले नाही. मात्र दोन वर्ग केले आहेत. ‘नोंद’ या वर्गात क्रॉप, उजेड, व्हाइट बॅलन्स, नॉइज, शार्पनिंग आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणे एवढेच चालते. ‘कलाचित्र’ या वर्गात काडी काढणे, पार्श्वभूमी बदलणे, दोन चित्रे जोडणे चालते, पण काय केले ते चित्राखाली लिहावे लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेने तपशील भरणारी साधने याच दुसऱ्या वर्गात येतात. कारण ती पुसट पंखावर जे खवले उमटवतात, ते त्या फुलपाखराचे नसतात.

फुलपाखराचे हित

स्थिर राहावे म्हणून फुलपाखराला फ्रीजमध्ये ठेवणे, पंखाला धरून फुलावर बसवणे, पाणी किंवा फवारा मारणे, अळ्या किंवा कोश असलेली फांदी तोडून उजेडात आणणे, यांपैकी कोणत्याही प्रकारे घेतलेले छायाचित्र गटात स्वीकारले जात नाही. पंखांवरचे खवले बोटाला लागले की पुन्हा येत नाहीत. अनेक जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे पकडणे कायद्यानेही अडचणीचे ठरू शकते. ओल्या वाळूवर नर फुलपाखरे क्षार घेण्यासाठी थव्याने बसतात, त्याला चिखलपान म्हणतात. अशा थव्यात चालत जाऊन ती उडवण्यापेक्षा बाजूला बसून वाट पाहावी. क्षार मिळवायला आलेली फुलपाखरे बहुधा परत येतात.

चांगले छायाचित्र हवे असेल तर घराजवळच खाद्य वनस्पती ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. एक कढीपत्ता, एक लिंबू आणि कुंपणाला थोडी रुई असेल तर अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू अशा सर्व अवस्था घरबसल्या टिपता येतात. कढीपत्त्याची पाने अळीने खाल्ली म्हणून औषध फवारू नये, ती पुन्हा फुटतात.

गटाकडे छायाचित्र पाठवताना

• व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास चित्र दाबले जाऊन तपशील जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.
• मूळ प्रत आणि संपादित प्रत दोन्ही पाठवाव्यात. मूळ प्रत कधीही पुसू नये.
• तारीख, वेळ, गावाचे नाव आणि फुलपाखरू कशावर बसले होते ते लिहावे. जात माहीत नसेल तर जागा रिकामी सोडावी.
• शक्य असल्यास पंखांची वरची आणि खालची अशी दोन्ही बाजूंची चित्रे द्यावीत, मग दुसरे थोडे पुसट असले तरी चालेल. ब्लू जातींची ओळख खालच्या बाजूवरूनच होते.
• दुर्मीळ जातीचे नेमके ठिकाण जाहीर करू नये आणि फाइलमधील जीपीएसची माहिती काढून टाकावी.
• वर्ग ‘नोंद’ की ‘कलाचित्र’, ते स्पष्ट लिहावे.

मोबाइलवर काढलेली छायाचित्रेही या सर्व नियमांनी घेतली जातात. बारा वर्षांखालील मुलांच्या चित्रांना वर्ग लावला जात नाही. त्यांनी फक्त काय पाहिले ते आपल्या शब्दांत चार ओळींत लिहून द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.